झाकणे तडकतात, पण जिवाणू जात नाहीत: अतिनील, क्लोरीन की गॅमा?

केळीरोप_सावदा

नमस्कार मंडळी,

सावदा-फैजपूर परिसरात माझी केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांची लहानशी प्रयोगशाळा आहे. एक ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), दोन लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायची टेबले), वाढीची एक वातानुकूलित खोली आणि कापणी-लावणीचे काम करणाऱ्या सहा जणी, एवढाच आमचा पसारा. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन्ही हंगामांसाठी आम्ही ग्रँड नैन या केळीच्या जातीची रोपे करतो. गेल्या काही महिन्यांपासून एका अडचणीने आम्हाला जेरीस आणले आहे, आणि ती नीट मांडल्याशिवाय कोणाला नेमके उत्तर देता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही काचेच्या जॅमच्या बाटल्या वापरतो. त्यांना पॉलिप्रॉपिलीनची अर्धपारदर्शक, आट्यांची झाकणे असतात. पोषक माध्यम भरून, झाकण सैलसर लावून बाटल्या १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटे ठेवतो. दिवाळीपर्यंत शंभर बाटल्यांमागे तीन-चार खराब होत आणि तेवढे या कामात चालवून घ्यावे लागते. त्यानंतर मात्र ते प्रमाण वाढत वाढत बारा-तेरावर गेले. बुरशी फारशी नाही. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी रोपाच्या बुडाशी आगरमध्ये (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीत) एक दुधाळ वलय दिसू लागते आणि बाटली कलती करून उजेडात धरली की ते धुराच्या वेटोळ्यासारखे खाली उतरत गेलेले दिसते. काही बाटल्यांत मात्र वलय रोपापासून दूर, काचेच्या कडेला असते.

यावर मी काय केले ते प्रामाणिकपणे सांगतो, हसू नये. लॅमिनार फ्लोमधील अतिनील नळी पूर्वी काम सुरू होण्याआधी अर्धा तास लावत असू, ती रात्रभर चालू ठेवू लागलो. नळी चालूच आहे तर झाकणेही तिच्याखाली ट्रेमध्ये पसरून ठेवू लागलो. तरी फरक पडेना, म्हणून झाकणे आधी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या (क्लोरीनयुक्त ब्लीचच्या) द्रावणात रात्रभर भिजवायची, मग अतिनील, मग ऑटोक्लेव्ह असा तिहेरी बंदोबस्त केला. चिमटे आणि सुऱ्यांचे दांडे स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरतो, ते पूर्वीपासून तसेच आहे.

परिणाम असा झाला की झाकणे पिवळसर पडली, वरून नख ओढले तर पांढरी भुकटी निघते, आणि शेवटचा अर्धा फेरा आवळताना कट् असा आवाज होऊन कड उभी चिरते. एका महिन्यात चारशेच्या आसपास झाकणे टाकून दिली. जिवाणू मात्र होते तिथेच आहेत. पुरवठादाराला विचारले तर तो म्हणाला की माल तोच आहे, तुमच्या वापरात दोष आहे.

माझा गोंधळ असा आहे की, जो उपाय प्लास्टिकसारख्या टिकाऊ वस्तूचा चुरा करतो, त्याने डोळ्यांना न दिसणारा जिवाणू कसा मरत नाही? वस्तूची मजबुती न घालवता जिवाणू घालवणारी एखादी पद्धत आहे का? लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात असे ऐकून आहे. झाकणे एकदाची तिथूनच निर्जंतुक करून आणली तर ही कटकट संपेल का?

चटईवाला_जळगाव

भाऊ, जिवाणूंबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण पॉलिप्रॉपिलीनबद्दल बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण जळगावच्या औद्योगिक वसाहतीत याच मालाच्या चटया विणण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. गच्चीवर वर्षभर अंथरलेली स्वस्त चटई दुसऱ्या उन्हाळ्यात गोळा करायला जावे तर हातात काड्यांचा भुगा येतो, हे खानदेशात प्रत्येक घराने पाहिले आहे. तुमच्या झाकणांचे तेच झाले आहे, फक्त फार वेगाने.

पॉलिप्रॉपिलीनची ताकद त्याच्या साखळीरेणूंच्या लांबीत असते. अंबाडीचे लांब धागे वळले तर बैल बांधण्याजोगा दोर होतो. तेच धागे बोट-बोटभर कापून वळायला घेतले तर दोर दिसायला तसाच दिसेल, पण पहिल्या हिसक्याला सुटेल. या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एकच हायड्रोजन सैलसर लटकलेला असतो आणि तीच त्याची कमजोर जागा. प्रकाशाने किंवा उष्णतेने तो हायड्रोजन निसटला की तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, त्यातून पेरॉक्साइड तयार होते, ते फुटते आणि साखळीही तुटते. शिवाय फुटताना ते शेजारच्या साखळीलाही चटका लावून जाते. हे टाळण्यासाठी माल बनवतानाच त्यात अँटिऑक्सिडंट आणि उन्हासाठी वेगळे स्थिरक मिसळतात. बाहेर अंथरायच्या चटईत ते भरपूर घालावे लागतात, झाकणात ते बेताचेच असतात, कारण झाकण उन्हात राहणार आहे असे ते बनवणाऱ्याने धरलेलेच नसते.

आता तुमच्या नळीचे पाहा. जंतुनाशक अतिनील नळीचा प्रकाश साधारण २५४ नॅनोमीटरचा असतो. सूर्याचा हा भाग वरच्या ओझोनच्या थरातच अडतो आणि जमिनीवर २९० नॅनोमीटरच्या खालचे जवळजवळ काहीच पोचत नाही. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हातही जो प्रकाश नसतो, तो तुम्ही वीतभर अंतरावरून रात्रभर झाकणांवर सोडत आहात. त्याच्या एका कणाची ऊर्जा सुमारे ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर कार्बन-कार्बन बंध तोडायला ३.६ च्या आसपास पुरते. झाकण टिकेल कसे?

यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. हे नुकसान फक्त वरच्या पातळ थरात असते. आतला माल बऱ्यापैकी चांगला असतो. तरीही झाकण आरपार चिरते, कारण वरच्या ठिसूळ थराला बारीक भेग पडली की पुढचा सगळा ताण त्या भेगेच्या टोकाशी गोळा होतो. कापड दुकानदार कात्रीने नुसता टक मारतो आणि पुढचे कापड हाताने टर्रकन फाडतो, तसेच हे. म्हणून नखाने भुकटी निघू लागली की झाकण बाद समजावे, दिसायला ते कितीही धडधाकट असो.

हायपोक्लोराइटने थंड पॉलिप्रॉपिलीन लगेच मोडत नाही, हे खरे. पण क्लोरीन त्यातले अँटिऑक्सिडंट खाऊन टाकतो. ऑटोक्लेव्हची वाफही दर फेरीला थोडे थोडे कमी करते. म्हणजे तुम्ही आधी राखणदार हाकलला आणि मग दार उघडे ठेवले. यातला एकटा ऑटोक्लेव्ह ठेवला असता तर तीच झाकणे कितीतरी जास्त फेऱ्या टिकली असती. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे १२१ अंश त्याला सोसतात. उगाच दुसऱ्या प्लास्टिककडे वळू नका: जाड पॉलिथिलीन ऑटोक्लेव्हमध्ये मऊ पडून वाकडे होते, आणि पॉलिकार्बोनेट काचेसारखे छान दिसले तरी वारंवार वाफ लागली की पाण्यानेच त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते धुरकट होऊन तडकते.

पुरवठादाराचे म्हणणे या खेपेला तरी बरोबर आहे, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

सूक्ष्मदर्शी_धुळे

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. चटईवाले दादांनी अर्धे उत्तर दिलेच आहे. उरलेले अर्धे जिवाणूच्या बाजूने देते. आधीच सांगते की, झाकण तडकणे आणि बाटली खराब होणे या तुमच्या दोन अडचणी नसून बहुधा एकच आहे.

प्लास्टिक तुटते आणि जिवाणू वाचतो, याचे पहिले कारण सावली. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश साधी काच भेदत नाही, धुळीचा थर भेदत नाही आणि झाकणाच्या आट्यांच्या खाचेत शिरत नाही. त्याच्या थेट समोर उघडा पडलेला साधा जिवाणू काही सेकंदांत मरतो, कारण त्याच्या डीएनएमधील शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि पुढे त्या डीएनएची नक्कल होत नाही. पण धुळीच्या कणाच्या पाठीमागे बसलेल्या जिवाणूला अर्धा तास आणि आठ तास सारखेच, कारण शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच. झाकणाचा वरचा पृष्ठभाग मात्र आठही तास समोरच असतो. शिवाय नळीचा निळसर उजेड दिसतो म्हणजे ती काम करते असे नाही. तो उजेड कायम राहतो आणि जंतुनाशक भाग हळूहळू उतरत जातो. नळीवर धुळीचे पटल असेल तर तो आणखी घटतो. नळी चालू असताना तिथे कोणीही हात घालू नये किंवा पाहू नये, हेही जाता जाता सांगते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते ते रात्री कळते.

दुसरे कारण दुरुस्तीचे. प्लास्टिकला झालेली इजा साठत जाते. काल तुटलेली साखळी आज सांधली जात नाही. जिवाणूकडे दुरुस्तीची व्यवस्था असते, आणि कित्येक जातींमध्ये चिकटलेले थायमिन सोडवणारे एक विकर (एन्झाइम) तर साध्या दृश्य प्रकाशावर चालते. म्हणजे अतिनील नळी बंद करून तुम्ही खोलीतले दिवे लावता, तेव्हा अर्धमेल्या जिवाणूंना एक प्रकारे मदतच करता. आणि एक जरी वाचला तरी पुरे. अर्ध्या तासाला दुप्पट या वेगाने १२ तासांत २४ वेळा दुप्पट होते, म्हणजे एकाचे दीड कोटीहून अधिक. झाकणाची मजबुती मोजताना निम्मी उरली तर निम्मी म्हणतात. जिवाणूंच्या हिशेबात एक उरला तर सगळे उरले.

तिसरे आणि तुमच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण म्हणजे बीजाणू. बॅसिलस कुळातील जिवाणू मातीत सर्वत्र असतात आणि केळीचे कंद म्हणजे मातीच. परिस्थिती बिघडली की ते बीजाणू करतात. त्याच्या गाभ्यात पाणी अगदी कमी असते, डीएनएला विशिष्ट प्रथिने लपेटून घट्ट बसलेली असतात आणि बाहेरून जाड कवच असते. याला साध्या जिवाणूच्या कितीतरी पट अतिनील मात्रा लागते, क्लोरीनही जास्त आणि दीर्घकाळ लागते. स्पिरिट तर त्याला काहीच करत नाही. मातीतून फक्त बीजाणूवाले जिवाणू वेगळे करायचे असतील तर आम्ही नमुना मुद्दाम अल्कोहोलमध्ये ठेवतो: बाकीचे मरतात, हे उरतात. तुमच्या चिमट्यांच्या स्पिरिटच्या ग्लासात अगदी हेच चालले असण्याची शक्यता मोठी आहे. ज्योतीवर जे जळते ते चिमट्यावरचे स्पिरिट. ते विझेपर्यंत पोलाद बीजाणू मरण्याइतके तापतच नाही. रोपापासून दूर, काचेच्या कडेला उठणारे वलय मला तिकडे बोट दाखवते.

झाकणाचा संबंध इथे येतो. ऑटोक्लेव्हमधून काढलेली बाटली थंड होताना आतली वाफ आटते आणि बाटली बाहेरची हवा ओढून घेते. झाकण धड असेल तर ती हवा आट्यांच्या लांब, वळणदार वाटेने जाते आणि धूळ वाटेत अडते. कड चिरलेली असेल तर ती सरळ आत जाते. त्यातच भेगांमध्ये आणि भुकटीत बीजाणूंना बसायला जागा मिळते, जिथे पुढच्या वेळी ना प्रकाश पोचतो ना द्रावण. म्हणजे जंतू मारण्यासाठी तुम्ही जी मात्रा वाढवली, तिनेच त्यांना घर बांधून दिले.

अंदाज पुरे, आता तपासणी करा. वीस बाटल्यांत नुसते माध्यम भरून, रोप न लावता, त्या वाढीच्या खोलीत दहा दिवस ठेवा. दहा जुन्या झाकणांच्या, दहा कोऱ्या. कोऱ्या झाकणांच्याही खराब झाल्या तर दोष ऑटोक्लेव्हचा: बाटल्या दाटीने भरल्या असतील किंवा आतली थंड हवा पूर्ण निघत नसेल. फक्त जुन्या झाकणांच्या खराब झाल्या तर उत्तर तुमच्या हातात आहे. स्पिरिटच्या ग्लासातला थेंब आगरच्या थाळीवर ओढून पाहा. आणि दुधाळ वलयातला थोडा भाग निर्जंतुक पाण्यात कालवून ८० अंशांना १० मिनिटे ठेवा, मग थाळीवर ओढा; तरीही वाढला तर तो बीजाणूवाला आहे.

एक शक्यता या सगळ्याच्या बाहेरची आहे. काही जिवाणू केळीच्या मुनव्याच्या (कंदाला फुटणाऱ्या पिलाच्या) आतल्या पेशींमध्येच राहत असतात. त्यांना ना हायपोक्लोराइट पोचते ना मर्क्युरिक क्लोराइड, कारण ती दोन्ही वरवर काम करतात. एकाच मातृरोपापासून आलेल्या बाटल्या ओळीने खराब होत असतील आणि वलय नेहमी बुडाशीच असेल, तर ती अख्खी ओळ ऑटोक्लेव्ह करून टाकून द्यावी. जीव जड होतो, पण दुसरा मार्ग महागात पडतो.

ठिबकवाला_चोपडा

मी शेतकरी आहे, प्रयोगशाळेतले मला कळत नाही. पण हायपोक्लोराइटबद्दल अनुभवाचे दोन शब्द. ठिबकच्या नळ्यांत जिवाणूंचा चिकट थर साचून तोट्या बंद होतात, म्हणून आम्ही क्लोरीन सोडतो. पहिल्या वर्षी पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॅन मे महिन्यात वापरला. पाणी सोडले, वेळ मोजली, सगळे केले, पण नळी उघडली तर शेवाळासारखा बुळबुळीत थर जसाच्या तसा. नंतर चाचणीच्या पट्टीवर पाहिले तर शेवटच्या तोटीला क्लोरीन जवळजवळ नव्हताच. उष्णतेने द्रावण बसल्या जागी मरते. दहा अंश तापमान वाढले की त्याचे विघटन तिपटीच्या आसपास वेगाने होते असे मला सांगण्यात आले, आणि आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय तापमान असते ते सांगायला नको. म्हणून कॅनवरच्या टक्केवारीवर विसंबू नये, पट्टी लावून पाहावे.

दुसरे म्हणजे पाणी. तापी खोऱ्यातले आमचे विहिरीचे पाणी जड आणि विम्लधर्मी आहे. सामू ७.५ च्या आसपास असला तर क्लोरीनचा निम्मा भागच खऱ्या कामाच्या रूपात असतो, ८.५ ला गेला तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्यासाठी काही जण आम्ल टाकतात. पण आम्ल आणि हायपोक्लोराइट एका टाकीत कधीही एकत्र करू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. आमच्या शेजारच्या गावात एकाने केले, विहिरीवरून उचलून आणावे लागले.

ताईंना एक प्रश्न: झाकणे आधी साबणाने घासायची गरज असते का, की क्लोरीन सगळे करून घेतो?

सूक्ष्मदर्शी_धुळे

घासायलाच हवीत, आणि आधी. आगरचा चिकट अंश, साखर, पानांचा रस हे सगळे क्लोरीन खाऊन टाकतात. जिवाणूपर्यंत पोचायला तो उरतच नाही. मळकट झाकण एक टक्का द्रावणात रात्रभर ठेवण्यापेक्षा स्वच्छ धुतलेले झाकण पातळ द्रावणात अर्धा तास ठेवून भरपूर पाण्याने खळबळणे कधीही चांगले. आणि त्यानंतर ऑटोक्लेव्ह होणारच असेल, तर त्या अर्ध्या तासाचीही खरे पाहता गरज नाही.

शल्यगृह_नंदुरबार

शस्त्रक्रियागृहात तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले असल्यामुळे गॅमाच्या प्रश्नावर लिहितो.

लासलगावच्या केंद्राचा विचार डोक्यातून काढून टाका. ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारले आणि त्यासाठी लागणारी मात्रा किलोग्रेच्या (किरणांची मात्रा मोजायच्या एककाच्या) दहाव्या हिश्श्याच्याही आत असते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी किडीच्या बंदोबस्तापोटी ०.४ किलोग्रे देतात. वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करायची रूढ मात्रा २५ किलोग्रे आहे. कांद्याच्या मात्रेने कांद्याचा कोंब थांबतो, पण झाकणावरचा बीजाणू हसतही नाही. वैद्यकीय वस्तूंसाठी आपल्याकडे तुर्भ्याला आयसोमेड हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले, आणि पुढे अशी इतर केंद्रेही झाली. तिथे कोबाल्ट-६० वापरतात.

२५ हा आकडा कुठून आला, ते समजले की बाकीचे आपोआप उलगडते. जिवाणूंची संख्या दहावा हिस्सा करायला लागणारी मात्रा प्रत्येक जातीची वेगळी असते. ई. कोलायसाठी ती पाव किलोग्रेच्या आसपास, तर चाचणीसाठी पूर्वीपासून वापरल्या जाणाऱ्या बॅसिलस प्युमिलसच्या बीजाणूंसाठी सुमारे १.७. म्हणजे २५ किलोग्रेमध्ये या बीजाणूंची संख्या चौदा वेळा दहाने भागली जाते. वस्तूवर सुरुवातीला लाखभर असले तरी एखादा उरण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही पुष्कळ कमी होते. डायनोकोकस रेडिओड्युरन्स नावाचा एक अपवाद आहे, तो १९५६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात सापडला. ५ किलोग्रेही तो पचवतो. त्याचे डीएनए शेकडो तुकडे होऊनही पुन्हा जोडले जाते. पण तो रोग करत नाही, आणि तुमच्या बाटल्यांत तो असण्याचे कारण नाही.

गॅमाचा मोठा गुण असा की त्याला सावली नसते. खोक्यात बंद, पाकिटात बंद, आट्यांच्या खाचेत, सगळीकडे तो पोचतो आणि वस्तू तापतही नाही. ताईंनी सांगितलेली अतिनीलची अडचण इथे नाही. परंतु जो झाकणाच्या आत जिवाणूपर्यंत पोचतो, तो वाटेत झाकणाच्या साखळ्यांतूनच जातो. साध्या पॉलिप्रॉपिलीनला २५ किलोग्रे बाधतात, आणि वाईट असे की नुकसान लगेच दिसत नाही. स्फटिकमय भागात अडकून पडलेले अस्थिर मूलक (तुटलेल्या साखळ्यांची क्रियाशील टोके) महिनोन्‌महिने ऑक्सिजनशी झगडत राहतात. आज चांगले असलेले झाकण सहा महिन्यांनी कपाटात बसल्या बसल्या ठिसूळ होते. म्हणून सिरिंजसाठी खास स्थिरक घातलेले पॉलिप्रॉपिलीन वापरतात. ते वेगळे मिळते आणि महाग असते. पॉलिस्टायरीनला त्याच्या रचनेतल्या बेंझिनच्या कड्यामुळे हे किरण सहज सोसतात, म्हणून तुमच्या थाळ्या गॅमाने निर्जंतुक होऊन येतात. टेफ्लॉन, जे आम्लात उकळले तरी ढिम्म असते, ते मात्र या किरणांपुढे भुसभुशीत होते. उष्णता, रसायन आणि किरण यांचा प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र असतो, हे मी त्यातूनच शिकलो.

आमच्या क्षेत्रात याची मोठी किंमत मोजली गेली आहे. कृत्रिम खुब्याच्या वाटीत जे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन असते, ते पूर्वी हवेतच गॅमाने निर्जंतुक करत. काही वर्षांनी त्या वाट्या पिवळ्या पडून झिजल्या आणि तडकल्या, तेव्हा १९९० च्या दशकात हे ऑक्सिडीकरण ध्यानात आले. आता ते निष्क्रिय वायूत, किंवा किरणांऐवजी जंतुनाशक वायूने, किंवा ई जीवनसत्त्व मिसळून करतात. दात्याच्या हाडाचा तुकडा वापरायचा असतो तेव्हाही हाच पेच असतो: किरणांची मात्रा वाढवली तर जिवाणू नक्की मरतात, पण हाडातले कोलॅजन तुटते आणि हाड खडूसारखे ठिसूळ होते. कॅल्शियम जागेवर असते, दिसायला हाड तेच. वाकायची ताकद गेलेली असते.

एथिलीन ऑक्साइड वायू पॉलिप्रॉपिलीनला इजा करत नाही, हे खरे. पण तो विषारी, ज्वालाग्राही आणि कर्करोगकारक आहे आणि वस्तूत मुरतो. नंतर बराच काळ हवा देऊन काढावा लागतो. छोट्या प्रयोगशाळेने त्याच्या वाटेला जाऊ नये.

जाता जाता चिमट्यांबद्दल. ते हायपोक्लोराइटमध्ये अजिबात ठेवू नका. क्लोराइडमुळे पोलादावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत जे बसते ते आमच्याकडच्या यंत्रांनाही हुसकता येत नाही. सुऱ्यांची पाती लाल होईपर्यंत ज्योतीवर धरण्याचीही सवय काहींना असते. त्याने पात्याचे पाणी उतरते, धार बोथट होते, आणि बोथट पात्याने कापलेला कंद चेंगरून काळा पडतो. चिमटे गुंडाळून ऑटोक्लेव्ह करून ठेवा. प्रत्येक बाटलीगणिक वापरायला २५० अंशांच्या काचमण्यांचे लहान यंत्र मिळते (तापलेल्या मण्यांत चिमट्याचे टोक खुपसायचे), ते घ्या.

केळीरोप_सावदा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तपासणी पूर्ण झाल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

कोऱ्या झाकणांच्या दहाही बाटल्या दहाव्या दिवशी स्वच्छ होत्या. जुन्या झाकणांच्या दहापैकी चार खराब झाल्या, आणि त्या चारही झाकणांच्या कडेला भिंगातून पाहिल्यावर चीर सापडली. इतर सहांपैकी दोन झाकणांनाही चीर होती, पण त्या बाटल्या वाचल्या. म्हणजे ऑटोक्लेव्ह ठीक आहे.

स्पिरिटची गोष्ट मात्र मला लाजवणारी निघाली. ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ग्लासातला थेंब थाळीवर ओढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीभर चुरगळलेल्या कागदासारख्या कोरड्या, पांढुरक्या वसाहती. ८० अंशांची चाचणीही त्यांनी सहज पार केली. तो ग्लास आम्ही आठवडा आठवडा बदलत नव्हतो, कमी झाले की वरून भर घालत होतो. काम करणाऱ्यांपैकी एकीने तर विचारले, "दादा, म्हणजे आपण रोज जंतूंचेच पाणी लावत होतो?" यावर मला काही उत्तर सुचले नाही. आता चिमटे ऑटोक्लेव्हमधून येतात, काचमण्यांचे यंत्र मागवले आहे, आणि ते येईपर्यंत स्पिरिट रोज सकाळी ताजे घेऊन संध्याकाळी टाकतो.

उरलेला एक भाग ताईंच्या शेवटच्या शंकेप्रमाणेच निघाला. नोंदवही चाळली तर बुडाशी वलय असलेल्या बहुतेक बाटल्या एकाच शेतातून आणलेल्या दोन मुनव्यांच्या निघाल्या. साडेतीनशे बाटल्या होत्या. काल त्या सगळ्या ऑटोक्लेव्ह करून खड्ड्यात टाकल्या.

अतिनील नळी पुन्हा अर्ध्या तासावर आणली आहे, तिच्याखाली काहीही ठेवत नाही, आणि तिच्या तासांची नोंद भिंतीवर लावली आहे. झाकणे साबणाने घासून, खळबळून थेट ऑटोक्लेव्हमध्ये जातात. चटईवाले दादा, एक विचारायचे राहिले: भुकटी निघण्याच्या आधीच झाकण बाद होत आले आहे, हे ओळखायची काही सोपी खूण आहे का? दर वेळी भिंग लावणे जमणार नाही.

चटईवाला_जळगाव

आहे. कड दोन अंगठ्यांनी आतल्या बाजूला दाबा. चांगले पॉलिप्रॉपिलीन वाकले की वाकलेल्या रेषेवर दुधासारखा पांढरा पट्टा उमटतो आणि सोडल्यावर ते मागे येते. तो पट्टा न उमटता आधीच करकर आवाज आला, किंवा पट्ट्याऐवजी केसासारखी रेघ दिसली, तर ते झाकण बाजूला काढा. शंभरातली पाच तपासली तरी त्या खेपेचा अंदाज येतो. आणि प्रत्येक खेपेच्या झाकणांवर आतल्या बाजूने न पुसणाऱ्या शाईने महिना लिहून ठेवा, म्हणजे कोणते किती फेऱ्या चालले ते पुढच्या खरेदीच्या वेळी पुरवठादाराला दाखवता येईल.